ऋतू बदलताना दुरुस्त केलेली बाळाची झबली पुन्हा पुन्हा का बिघडतात?

तान्ह्या बाळाचे कपडे घरीच थोडेफार बदलून पुढच्या ऋतूत वापरणाऱ्यांची एक तक्रार दरवर्षी जशीच्या तशी परत येते. बाह्या कापून उन्हाळ्यासाठी मोकळे केलेले झबले, पावसाळ्यासाठी अस्तर लावलेली चड्डी किंवा थंडीसाठी खाली पट्टी जोडून लांब केलेला पायजमा शिवून झाल्यावर अगदी व्यवस्थित दिसतो. पण तीन-चार वेळा धुतल्यानंतर शिवणीवर चुण्या पडतात, गळ्याची टीप तटकन तुटते, बाळाच्या कमरेवर लाल वळ उठतो, किंवा कपडा वरवर वाळलेला वाटत असूनही दुमडीतून कुबट वास येऊ लागतो. मग तो कपडा उसवून पुन्हा शिवला जातो आणि थोड्याच दिवसांत तोच दोष त्याच जागी पुन्हा दिसू लागतो.

याला शिवणाऱ्याच्या हाताची सफाई क्वचितच जबाबदार असते. नवे जोडलेले कापड जुन्या कापडासारखे वागत नाही, आणि गोव्याच्या हवेत जाड दुमड वाळत नाही. जवळजवळ सगळ्या तक्रारी या दोन गोष्टींपाशी येऊन थांबतात. शिवणकामाच्या बऱ्याच पुस्तकांत ऋतुबदल म्हणजे उकाड्याकडून कडाक्याच्या थंडीकडे जाणे असे गृहीत धरलेले असते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतही किनारपट्टीवर रात्रीचे तापमान साधारण २० अंशांच्या आसपास असते. वाळपई किंवा सांग्याकडे, डोंगराच्या पायथ्याशी, पहाटेचा गारवा थोडा जास्त, एवढेच. खरा बदल होतो तो जूनमध्ये. वर्षभरात पडणाऱ्या सुमारे ३००० मिलिमीटर पावसातला बहुतेक पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि हवेतील आर्द्रता दिवसेंदिवस ८० ते ९० टक्क्यांच्या खाली येत नाही. म्हणून येथे बाळाचा कपडा बदलताना तो किती ऊब देईल याआधी तो किती वेळात वाळेल हे पाहावे लागते.

दोष केव्हा दिसला, हे आधी पाहावे

उसवण्याची घाई करू नये. दोष नेमका कोणत्या वेळी दिसला यावरून त्याचे कारण बरेच कळते. कपडा धुण्यापूर्वीच, मशीनवरून उतरताक्षणी, शिवणीवर चुण्या असतील तर दोष मशीनचा आहे: धाग्याचे टेन्शन जास्त आहे किंवा कापडाच्या मानाने सुई जाड आहे. शिवताना सपाट असलेली शिवण पहिल्या धुण्यानंतर गोळा झाली असेल तर दोन कापडांपैकी एक आकसले आहे. धुतल्यावरही ठीक असलेली शिवण कपडा बाळाच्या डोक्यातून घालताना तुटली असेल तर कापड ताणते आणि टीप ताणत नाही. आणि दोष फक्त पावसात दिसत असेल, ऑक्टोबरच्या उन्हात आपोआप नाहीसा होत असेल, तर तो जाडीचा दोष आहे. या चार प्रकारांचे उपाय एकमेकांपासून वेगळे आहेत. चुण्या पडलेली प्रत्येक शिवण टेन्शन सैल करून सुधारत नाही.

मशीनच्या दोषाबद्दल थोडक्यात सांगतो. मलमलीसारख्या पातळ कापडाला ९ किंवा ११ क्रमांकाची नवी सुई लावावी. घराघरांत वर्षानुवर्षे मशीनवर बसलेली १४ किंवा १६ क्रमांकाची सुई पातळ कापडाचे धागे ओढते. टाका दोन ते अडीच मिलिमीटरचा ठेवावा आणि कापडाखाली पातळ कागदाची पट्टी धरून शिवावे. शिवून झाल्यावर कागद टिपेच्या रेषेवर अलगद फाडून काढता येतो. एवढ्याने चुण्या गेल्या नाहीत तरच टेन्शनला हात लावावा.

आकसण्याचा हिशेब

बाळाचे जुने झबले आधीच वीस-पंचवीस वेळा धुतलेले असते, म्हणजे त्याला जेवढे आकसायचे तेवढे ते आकसून झालेले असते. त्याला आपण बाजारातून आणलेली कोरी पट्टी, कोरे अस्तर किंवा कार्डावर गुंडाळलेली सुती पायपिंग जोडतो. पहिल्या धुण्यात झबले आहे तसे राहते आणि पट्टी आकसते, मग शिल्लक राहिलेले झबल्याचे कापड चुण्या होऊन बसते. कोरे सुती कापड शेकडा तीन ते पाच आकसणे ही नेहमीची गोष्ट आहे. सैल विणीचे कापड आणि होजियरी त्याहूनही जास्त आकसते. झबल्याचा खालचा घेर ६० सेंटिमीटर असेल आणि पट्टी शेकडा पाच आकसली, तर तीन सेंटिमीटर कापड जास्तीचे उरते. हाताने कितीही सारखे केले, इस्त्री कितीही दाबून फिरवली, तरी ते तीन सेंटिमीटर कोठेही जात नाहीत.

यावर एकच उपाय आहे. जोडायची प्रत्येक वस्तू, म्हणजे कापड, पट्टी, लेस, पायपिंग आणि सुती नाडीसुद्धा, कापण्यापूर्वी गरम पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून तुकड्यांच्या ढिगातले कापड आणले असेल तर त्याची जात दुकानदारालाही नेमकी सांगता येत नाही, म्हणून त्यावर पेन्सिलीने बरोबर २० सेंटिमीटरचा चौकोन आखून तो धुण्यापूर्वी आणि धुतल्यानंतर मोजावा. चौकोनाची बाजू १९ सेंटिमीटर भरली तर ते कापड शेकडा पाच आकसले. ते आणखी एकदा धुऊन पुन्हा मोजावे आणि माप स्थिर झाल्यावरच कापावे. उभ्या आणि आडव्या बाजूंची मापे वेगळी आली तर त्यात नवल नाही. उभा धागा बहुतेक वेळा जास्त आकसतो, म्हणून झबल्याच्या घेराला जोडायची पट्टी शक्यतो आडव्या धाग्यावर कापावी.

आजीच्या जुन्या सुती लुगड्याचे झबले शिवण्याच्या प्रथेमागे मायेइतकेच व्यवहारज्ञानही आहे. ते कापड मऊ असते, आकसण्याचे राहिलेले नसते आणि लवकर वाळते. मात्र जुने कापड जोडासाठी वापरताना ते उजेडासमोर धरून पाहावे. धागे विरळ झाले असतील तर टीप टिकते आणि टिपेच्या शेजारचे कापड फाटते. अशा कापडाचे अख्खे झबले शिवावे, मजबूत कापडाला त्याचे ठिगळ लावू नये.

धाग्याचाही येथे संबंध येतो. सुती रीळ धुतल्यावर स्वतः थोडे आकसते आणि ओलसर हवेत कुजते, त्यामुळे नेहमी धुतल्या जाणाऱ्या बाळाच्या कपड्यांसाठी पॉलिएस्टरचा बारीक धागा अधिक टिकाऊ ठरतो. कापड सुती असताना धागा पॉलिएस्टरचा वापरण्यात काही गैर नाही. काही घरांत पावसाळ्यात शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर बाळुती आणि लंगोट वाळवतात. तेथे मात्र पॉलिएस्टर निखाऱ्यापासून दूर ठेवावे लागते, कारण ते उष्णतेने वितळून टोकाला कडक गाठ होते आणि ती गाठ बाळाच्या अंगाला टोचते.

होजियरीच्या गळ्याची टीप

सर्वांत जास्त कपडे येथे वाया जातात. होजियरीच्या झबल्याचा गळा घट्ट होऊ लागला की आपण रिबची, म्हणजे उभ्या रेघांच्या ताणणाऱ्या विणीची, पट्टी उसवतो, गळा अर्धा-पाऊण सेंटिमीटरने कापून मोठा करतो आणि कड आत दुमडून साध्या मशीनची सरळ टीप मारतो. दुसऱ्या दिवशी कपडा बाळाच्या डोक्यातून काढताना टीप तुटते. सरळ टीप वरच्या आणि खालच्या धाग्याच्या गुंफणीने बनते आणि तिला ताणण्यास जवळजवळ वाव नसतो. होजियरी मात्र सहज सव्वा ते दीड पट ताणली जाते. कापड पुढे जाते आणि धागा मागे राहतो.

गळा किती मोठा हवा, हेही अंदाजाने ठरवू नये. जन्माच्या वेळी बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३४ ते ३५ सेंटिमीटर असतो, सहा महिन्यांचे होईपर्यंत तो ४२-४३ च्या घरात जातो आणि वर्षाच्या शेवटी साधारण ४६ होतो. डिसेंबरमध्ये नवजात बाळासाठी घेतलेल्या झबल्याचा गळा जूनमध्ये आवळणार हे उघड आहे. पूर्ण ताणलेल्या गळ्याचा घेर डोक्याच्या घेरापेक्षा किमान दोन सेंटिमीटर जास्त भरला पाहिजे. भरत नसेल तर गळा खोल कापण्यापेक्षा एका खांद्याची शिवण उघडून तेथे दोन टिचबटणे लावणे हा कितीतरी चांगला मार्ग आहे, कारण खोल कापलेला गळा खांद्यावरून घसरतो आणि गार वाऱ्यात छाती उघडी पडते.

साध्या मशीनवरच शिवायचे असेल तर काय करावे? टाका दोन मिलिमीटरपर्यंत आखूड करावा, बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई लावावी आणि पायाखालून जाताना कापड पुढून आणि मागून दोन्ही हातांनी हलके ताणून धरावे. हलके म्हणजे कड लाटांसारखी वळू लागणार नाही इतकेच. शिवून झाल्यावर शिवण दोन अंगठ्यांमध्ये धरून हळूहळू ताणावी. बारीक तट् असा आवाज आला तर ती टीप बाळाच्या डोक्यावरही तुटणार, हे तेथेच समजावे. झिगझॅगची सोय असलेली मशीन घरात असेल तर अरुंद झिगझॅग उत्तम. नसेल तर गावातल्या पिको-फॉल करणाऱ्या दुकानात जावे. साडीच्या कडेला पिको करणारी मशीन झिगझॅगच घालते, आणि काठावर कापड फार न गुंडाळता रुंद टाका घालून द्या असे सांगितले की काम होते. हाताने शिवायचे असल्यास एकमेकांना छेदत जाणारा तिरपा टाका आतून घालावा. त्याला वेळ लागतो, पण तो कापडाबरोबर ताणतो, आणि एका गळ्यापुरता एवढा वेळ काढणे अशक्य नाही.

उन्हाळ्यासाठी बाह्या काढून टाकलेल्या झबल्याचा मोंढा, म्हणजे बाही जोडण्याची गोल जागा, लोंबतो आणि त्यातून बाळाची अर्धी पाठ दिसते, ही तक्रारही याच प्रकारची आहे. बाही काढली की मोंढ्याची कड मोकळी होते आणि धुण्यात वजनाने ओढली जाऊन सैल पडते. तेथे रिबची पट्टी जोडावी आणि तिची लांबी मोंढ्याच्या घेराच्या ८० ते ८५ टक्के ठेवावी. म्हणजे मोंढा २४ सेंटिमीटर असेल तर जोडून झालेली पट्टी १९ ते २० सेंटिमीटरची. पट्टी लांब झाली तर कड लाटांसारखी दिसते, फार आखूड झाली तर बगलेत घडी पडून घामोळे येते. जुन्या बनियनचा तळ कापून अशी पट्टी काढता येते आणि ती आधीच धुऊन मुरलेली असते.

दुमडीतली ओल

पावसाळ्यातल्या बिघाडाचा शोध घ्यायचा तर चड्डी उलटी करून तिचा नेफा जेथे बाजूच्या शिवणीवरून जातो ती जागा बोटांत धरून पाहावी. बाकीचा कपडा वाळलेला असतो. तेवढी जागा मात्र गार लागते. गालाला लावून पाहिली तर जास्त स्पष्ट कळते, कारण हाताची त्वचा राठ असते. तेथली टीप उसवली तर आतल्या घडीत बारीक काळे ठिपके दिसतात. ती बुरशी असते, आणि कितीही धुतले तरी ते ठिपके पूर्ण जात नाहीत.

त्या एका जागी कापडाचे किती थर असतात हे मोजून पाहावे. कड दोनदा दुमडून केलेल्या नेफ्यात कापडाचे तीन थर येतात. बाजूच्या शिवणीवर दोन्ही बाजूंचा मार्जिन एकाच बाजूला दाबलेला असेल तर प्रत्येक थराच्या जागी तीन थर होतात. म्हणजे इलॅस्टिक सोडून नऊ थर. सुती धागा पाणी धरून ठेवतो. प्रमाणित हवेत, म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेत, कोरड्या समजल्या जाणाऱ्या सुती कापडातही शेकडा साडेआठ भाग ओलावा असतो, तर पॉलिएस्टरमध्ये तो अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. जुलैच्या हवेत हे प्रमाण आणखी वाढते. नऊ थरांच्या मधून वारा जाण्यास वाट नसते, आणि तो कपडा आपण वाळला असे समजून घडी करून कपाटात ठेवतो.

याचा अर्थ बाळाला पॉलिएस्टरचे कपडे घालावे असा मुळीच नाही. दमट हवेत घाम टिपणारे सुती कापडच हवे. कमी करायचे ते थर. त्यासाठी बाजूची शिवण एका बाजूला न दाबता उघडून दोन्हीकडे इस्त्री करावी आणि कड दोनदा दुमडण्याऐवजी तिच्या काठाला पिको किंवा ओव्हरलॉक करून एकदाच दुमडावी. आता त्याच जागी चार थर येतात. फरक पहिल्याच धुण्यात जाणवतो. झबल्याचा खालचा मुडप पावसाळ्यापुरता असाच एकेरी ठेवावा आणि अर्धा-पाऊण सेंटिमीटरहून रुंद ठेवू नये.

वाढीसाठी कापड राखून ठेवण्याची सवय येथे आडवी येते. पहिल्या वर्षात बाळाची लांबी सुमारे ५० सेंटिमीटरवरून ७५ पर्यंत जाते आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या सहा महिन्यांत होते, त्यामुळे आत चार बोटे कापड दाबून ठेवावे असे कोणालाही वाटणारच. पण रुंद मुडप म्हणजे पुन्हा दुहेरी कापड, आणि तेही नेमके लंगोटाजवळ, जेथे ते सारखे ओले होते. ही जादा लांबी मुडपात न दाबता छातीच्या खाली बाहेरून आडवे टक, म्हणजे शिवून धरलेल्या घड्या, घालून राखावी. एक सेंटिमीटर खोलीच्या टकात दोन सेंटिमीटर लांबी मावते. असे दोन टक लांब धावदोऱ्याने घातले की पुढच्या ऋतूत दोरा ओढून झबले चार सेंटिमीटरने लांब होते. टक बाहेरच्या बाजूला उघडा राहत असल्याने त्यातून हवा खेळते. उसवल्यावर राहणारी फिकट रेषा नको असेल तर तिच्यावरून रंगीत दोऱ्याचा साधा धावदोरा घालावा. ती नक्षी आहे की झाकपाक, हे कोणी विचारत नाही.

अस्तराच्या बाबतीत माझे मत थोडे कडक आहे. जून ते सप्टेंबर या काळात बाळाच्या रोजच्या कपड्याला अस्तर लावूच नये. चतुर्थीसाठी परकर-पोलके शिवताना टोचणाऱ्या जरीखाली अस्तर लागतेच, पण तेथेही ते फक्त कमरेशी जोडावे आणि खालचा घेर वेगळा, मोकळा ठेवावा. खालून जोडलेले अस्तर आकसले की परकराचा घेर आत वळतो, आणि दोन कापडांच्या पिशवीत पाणी अडकते ते वेगळेच.

वाळत घालतानाही कपड्याची जाड बाजू वर ठेवावी. नेफा खाली लोंबत असेल तर साऱ्या कपड्याचे पाणी उतरून त्यातच साठते.

इलॅस्टिक

कमरेचा वळ आणि सैल पडलेली चड्डी हे एकाच गोष्टीचे दोन टोकांचे परिणाम आहेत. इलॅस्टिकमधले रबर ऊन, घाम, ब्लीचिंग आणि इस्त्री यांनी कडक होते, मग ते एक तर आवळते किंवा ताण सोडून देते. मे महिन्याच्या कडक उन्हात चड्ड्या उलट्या करून तासन्‌तास ठेवल्या की हे लवकर होते. नवे इलॅस्टिक सहा मिलिमीटर रुंदीचे, मऊ विणीचे घ्यावे आणि बाळ बसलेले असताना, पोट भरलेले असताना कमरेचे माप घेऊन त्याहून दोन-तीन सेंटिमीटर कमी कापावे. टोके एकमेकांवर एक सेंटिमीटर ठेवून सपाट शिवावी. गाठ मारू नये, कारण पालथे पडणाऱ्या बाळाच्या पोटाला ती टोचते.

नेफ्याच्या मागच्या बाजूला, आतून, दोन सेंटिमीटरची फट शिवताच उघडी ठेवावी आणि तिच्या कडा धावदोऱ्याने बांधून घ्याव्यात. पुढच्या वेळी इलॅस्टिक बदलताना काहीही उसवावे लागत नाही आणि आतले पाणीही बाहेर पडते. इलॅस्टिक नेफ्यात उलटेपालटे होत असेल तर दोन्ही बाजूंच्या शिवणींवर एकेक उभी टीप मारून ते जागीच पक्के करावे.

डायपरमुळे आसन ताणले जाणे

पावसात लंगोट वाळत नाहीत म्हणून अनेक घरांत त्या चार महिन्यांपुरते डायपर वापरले जातात किंवा दोन लंगोट एकावर एक बांधले जातात. मे महिन्यापर्यंत नीट बसणारा रोम्पर (खांद्यापासून चड्डीपर्यंतचा एकसंध कपडा) मग आसनात, म्हणजे दोन्ही पायांच्या मधल्या भागात, घट्ट होतो, खांदे खाली ओढले जातात आणि टिचबटणे सतत उघडतात. येथे रोम्पर कापण्याची काहीच गरज नसते. सहा सेंटिमीटर लांबीची आणि रोम्परच्या पट्टीएवढ्याच रुंदीची दुहेरी सुती पट्टी घेऊन तिच्या एका टोकाला वरच्या अर्ध्या आणि दुसऱ्या टोकाला खालच्या अर्ध्या टिचबटणांची ओळ लावावी. ती मधे जोडली की आसन चार ते पाच सेंटिमीटरने वाढते आणि ऑक्टोबरमध्ये काढून ठेवता येते. बटणांमधले अंतर मूळ बटणांवरून मोजून आखावे, नाहीतर जोडताना पट्टी वेडीवाकडी बसते. किनाऱ्याजवळच्या हवेत लोखंडी टिचबटणे लवकर गंजतात आणि गंजाचा डाग सुती कापडात उतरतो, म्हणून पितळी किंवा प्लॅस्टिकची घ्यावी. पांढऱ्या कापडावर पडलेला डाग लिंबू आणि मीठ चोळून, उन्हात ठेवून, नंतर स्वच्छ धुतल्यास बराच फिका होतो.

पायजमा आसनात कायमचाच कमी पडत असेल तर दोन्ही पायांच्या मधे चौबगला घालावा. आठ सेंटिमीटर बाजूचा चौकोन, कोपऱ्यावर उभा, पुरेसा होतो.

थंडीसाठी फार काही करावे लागत नाही

आपल्याकडच्या थंडीला जाड बदलांची गरज नसते. झबल्याला लांब बाह्या जोडण्यापेक्षा जुन्या मऊ कापडाची बिनबाह्यांची बंडी शिवून ती वरून घालावी. दिवस चढला की काढता येते. पायजम्याच्या तळाला रिबची पट्टी जोडली तर पायाशी वारा शिरत नाही आणि पाच-सहा सेंटिमीटर लांबीही मिळते. बाळाचे हातपाय गार लागले म्हणून कपड्यांवर कपडे चढवले जातात, पण तान्ह्या बाळाचे हातपाय एरवीही गार असतात. मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावून पाहावे. तेथे घाम असेल तर कपडे जास्त झाले आहेत. घरात झोपवताना टोपडे किंवा कुंची काढून ठेवावी, कारण बाळाच्या शरीरातली उष्णता मोठ्या प्रमाणात डोक्यावाटे बाहेर पडते.

आतले सैल धागे

हा दोष कपड्याला दिसत नाही, म्हणून त्याची तक्रारही येत नाही. पण माझ्या मते सर्वांत आधी पाहावा तो हाच. मोजे, हातमोजे आणि बंद पायांचे पायजमे यांच्या आत लोंबणारा एखादा लांब धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊ शकतो आणि रक्तप्रवाह थांबवू शकतो. बाळ कारण कळत नसताना रडत असेल तर मोजे काढून प्रत्येक बोट पाहावे, असे सांगितले जाते ते यासाठी. आतून ओव्हरलॉक केलेली कड झिजली की असेच धागे सुटतात. मोजे शिवताना किंवा दुरुस्त करताना आधी उलट्या बाजू एकमेकींना लावून अगदी कडेला टीप मारावी, ती छाटून मोजा उलटा करावा आणि पुन्हा टीप मारून कड आत बंद करावी. शिवण थोडी जाड होते हे खरे, पण पावलाच्या कपड्यापुरता जाडीचा नियम येथे मोडावा.

झबल्याच्या गळ्याला, टोपड्याला किंवा कुंचीला नाडी नको. युरोपातील ईएन १४६८२ या मानकाने सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांत डोक्याच्या आणि गळ्याच्या भागातील नाड्यांना मनाई केली आहे, आणि आपल्या घरी बदललेल्या कपड्याला वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही. पुढची बटणे तोंडात जातात. ती पाठीवर घ्यावी, किंवा त्यांच्याऐवजी टिचबटणे लावून प्रत्येक बटण जोरात ओढून पाहावे. वेल्क्रो मी बाळाच्या कपड्यांवर सुचवत नाही. तो धुण्यात इतर होजियरी कपड्यांना चिकटून त्यांचे धागे ओढतो आणि त्याची कडक कड मानेला घासते.

पावसात मशीन

जुलैमध्ये टाके चुकू लागले तर आधी सुई पाहावी. एक महिना न वापरलेल्या मशीनवरची सुई टोकाशी गंजलेली असते आणि ती पांढऱ्या मलमलीवर करडी रेघ सोडते. पायमशीनचा चामड्याचा पट्टाही ओलाव्याने सैल पडून घसरतो. तो थोडा कापून पुन्हा अडकवावा. तेल घातल्यानंतर फाटक्या कापडावर भरपूर टिपा मारून मगच बाळाच्या कपड्याला हात लावावा.

पुढच्या बाळासाठी ठेवताना

दुरुस्त केलेले कपडे ठेवण्यापूर्वी टक आणि जादा पट्ट्या उसवून ठेवाव्यात, कारण घडीत वर्षभर राहिलेली दुमड त्याच रेषेवर विरते. पावसाळ्याच्या तोंडावर कपडे बंद करू नयेत. ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस वाळवून, दुमडी गालाला लावून पाहून मगच ट्रंकेत घालावेत. आपल्याकडे कपाटात डांबरगोळ्या टाकण्याची सवय फार आहे. बाळाच्या कपड्यांत त्या कधीही ठेवू नयेत. त्यांतील नॅफ्थलीन कपड्यांत मुरते, आणि जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये त्याच्या संपर्काने तांबड्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता बाहेरून दिसत नाही. अशा गोळ्यांजवळ ठेवलेले कपडे मिळाले असतील, विशेषतः नातेवाइकांकडून आलेल्या जुन्या दुपट्यांच्या आणि झबल्यांच्या गाठोड्यात, तर ते वास पूर्ण जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुऊन उन्हात घालावेत आणि तोवर बाळाला घालू नयेत.